कोरडा जोड

माझी रोजची वही आहे. बावीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. तिच्यात फार काही नसतं. तिथी, वार, पोथीचा कोणता अध्याय झाला, देवाला काय ठेवलं, घरी कोण आलं, पाऊस किती. यंदाच्या वहीत आषाढापासून रामधनभाऊंचं नाव सारखं येतं आणि भाद्रपदातल्या एका पानानंतर येत नाही. वहीत दोन-चार ओळींच्या वर जागा नसते, म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहिते आहे.

रामधनभाऊ राठोड आमच्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरचे. बोरी अरबचा बाजार करून फाट्यावर उतरलं की आधी त्यांचा तांडा लागतो, मग आमचं गाव. आमचे हे, किसनराव, आणि रामधनभाऊ चौथीपर्यंत एका तरटावर बसलेले. पुढे हे शाळेत राहिले आणि रामधनभाऊ आईबापांमागे ऊसतोडीला गेले. तिथं त्यांची आई बैलगाडीच्या दांडीला आणि बाभळीला झोळी बांधून धाकट्या बहिणीला निजवायची. बहीण उठली की हे त्या झोळीत शिरायचे.

"मी झोळीतच वाढलो अन् झोळीतच म्हातारा होऊन राह्यलो जी," असं म्हणून हसायचे.

ऊसतोड सुटली, धनीबाईंशी लग्न झालं, मग भाऊ वनखात्यात रोजंदारीवर लागले. काम रोपवन राखायचं. टेकडीवर रोपं लावली की पहिले तीन पावसाळे ती गुराढोरांपासून वाचवायची. तीन पावसाळे निभावले की आवळा, बेहडा, बांबू गायीच्या तोंडाच्या वर जातात. मग त्यांना राखणदार लागत नाही, आणि राखणदार पुढच्या टेकडीवर जातो. रामधनभाऊंनी अशा नऊ टेकड्या मोठ्या केल्या. एकही मधे सोडली नाही. यंदाची दहावी, आणि यंदाचा पावसाळा तिचा तिसरा. एवढा एक निभावला की दिवाळीनंतर काम सोडायचं, असं त्यांनी मुलीला कबूल केलं होतं.

टेकडीवर झोपडी नाही. खाली काळी माती, आणि पावसात ती माती पायाला अशी धरते की पाच पावलांत पायात जातं बांधल्यासारखं वाटतं. विंचू, साप आहेतच. म्हणून भाऊ मोहाच्या दोन झाडांमधे बांधलेल्या कापडी झुल्यात राहायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी प्राणी मोजायला शहरातली मुलं आली होती, त्यांनी जाताना आपला एक फाटका झुला यांना दिला. भाऊंनी तो वितीनं मोजला आणि दारव्ह्याच्या शिंप्याकडून जाड कापडाचा तसाच शिवून घेतला. वर पाल ताणलेलं. ते मांजरपाटाचं. त्यावर दर वर्षी वैशाखात जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण एकत्र गरम करून चोळायचे आणि तीन दिवस कडक उन्हात टाकायचे. प्लास्टिकच्या ताडपत्रीचं नाव काढलं की तोंड वाकडं करत. "थे रातभर फडफड करते जी. ढोर आत शिरलं तं आयकू येत नाही."

धनीबाई होत्या तोवर भाऊंचं सगळं सामान त्या वाळवून द्यायच्या. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. मुलगी पायल पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे, तिकडेच सासर. तांड्यावरच्या घराला पावसाळाभर कुलूप. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी भाऊ पीठ-मीठ न्यायला टेकडीवरून उतरले की आमच्या छपरीत सामान पसरायचे. चुलीच्या भिंतीपलीकडेच छपरी, तिथं पावसातही ऊब असते. एक रात्र थांबायचे, दुसऱ्या दिवशी परत.

मी त्यांचं ते पसरणं पाहत असे. सामानाचे दोन भाग, आणि ते दोन भाग एकमेकांना कधी शिवायचे नाहीत. ओला भाग म्हणजे कामाचा सदरा-पँट, गमचा, बूट, विळा. कोरडा भाग म्हणजे एक सदरा, एक लुंगी, घोंगडी, माचिस, फोन आणि सेवालाल महाराजांचा लहानसा फोटो. हा कोरडा भाग दूधवाल्याच्या जुन्या कॅनमध्ये. झाकणाच्या कडेनं सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा, म्हणजे थेंब आत जायला नको. दिवसभर ओल्या कपड्यांत हिंडायचं. सांज झाली की पालाखाली उभं राहून अंग पुसायचं, ओले कपडे बाहेरच्या दोरीला, मग कॅन उघडायची. सकाळी कोरडा जोड पुन्हा कॅनमध्ये, आणि तेच थंडगार ओले कपडे पुन्हा अंगावर.

"सकायी थे ओले घालतानी जीव जात असन भाऊ," मी एकदा म्हटलं.

"जाते न जी. पन कोरडा जोड घालून पालाबाहेर पाय टाकला का तोही ओला. मंग रात्री काय घालू?"

माझ्या सासूबाई सोवळ्याचं लुगडं उंच वलणीवर काठीनं वाळत घालायच्या. काठीनंच उतरवायच्या. कोणाचा पदर लागला तर पुन्हा धुवायचं. मला त्या वेळी त्याचा कंटाळा यायचा. भाऊंची कॅन पाहिल्यावर वाटलं, हेही तेच. फरक एवढाच की त्यांच्या टेकडीवर पाहायला कोणी नव्हतं, आणि तरी ते पाळत होते.

गेल्या वर्षी नागपंचमीला आम्ही दोघं टेकडीवर गेलो होतो, पुरणाची दिंडं घेऊन. मधला नाला गुडघाभर होता. भाऊंनी आम्हाला पाहिलं आणि एवढे हरखले की काय करू न् काय नको. ह्यांना झुल्यात बसायचं होतं.

"आंधी पाय," भाऊ म्हणाले.

"पायाचं काय?"

"धू."

"अरे, तुहा झुला आहे का देऊय?"

"देवयात चपला घालून शिरतं का? मंग? हे घे काडी, पायाचा चिखल-गारा खरवड. मंग टिनातलं पानी. मंग पूस. बोटाच्या मधातलंही पूस."

ह्यांनी कुरकुर करत सगळं केलं. मग एक पाय आधी वर घेतला. भाऊ "दोन्ही सोबत, दोन्ही सोबत" असं ओरडेपर्यंत झुला उलटला आणि हे पलीकडच्या चिखलात.

"आता पुन्हा धुवा लागन," भाऊ शांतपणे म्हणाले. मी तोंडाला पदर लावून हसले. भाऊही किती दिवसांनी हसत असावेत, कारण हसता हसता त्यांना खोकला आला.

झुल्याच्या दोन्ही दोऱ्यांना, कापडापासून वीतभर अंतरावर, काळपट चिंध्या बांधल्या होत्या. मला वाटलं नजर लागू नये म्हणून असतील. विचारलं तर म्हणाले, "झाडावरचं पानी दोरीवरून चालत येते जी. या चिंधीपाशी आलं का खाली उतरते. नाही तं थेट पाठीखाली." नाल्यापलीकडे एका पळसाखाली फोन लागायचा. रोज चार वाजता तिथं जाऊन पायलला फोन करायचा, हाही नेम. बाकी दिवसभर कोणाशी बोलणं नाही. "कोनाशी बोलू? आवळ्याशी बोलतो. तो आयकते, उत्तर नाही देत."

निघताना त्यांनी दिंडं केळीच्या पानासकट त्या कोरड्या कॅनमध्ये ठेवली. आम्ही नाला ओलांडून वळणावर आलो तरी ते तिथंच उभे होते.

त्याच वर्षी भाद्रपदात भाऊ नाल्यात घसरले. दिवसभर त्याच कपड्यांत रोपवनाचं तुटलेलं कुंपण बांधत राहिले, आणि छातीत पाणी झालं. यवतमाळला नऊ दिवस दवाखान्यात. पायल आली तेव्हा तिनं बापाला पलंगावरच अट घातली. आम्ही दोघं तिथंच होतो.

"बा, आता एकडाव जरी छातीपर्यंत भिजला न तू, तं मी गाडी घेऊन येते. मंग टेकडी नाही न फिकडी नाही. तुह्या फुफ्फुसाचा फोटो मी पाह्यला आहे."

"नाही भिजत न याडी." मुलीला ते लाडानं याडी म्हणायचे, त्यांच्या बोलीत आई.

"घे शपथ."

"एक पावसाया राह्यला फक्त. एवढा कोरडा काढतो. मंग तू म्हनशील तथी येतो."

म्हणजे यंदाचा पावसाळा भाऊंना कोरडा काढायचा होता. काढला, तर दहावी टेकडी पुरी. नाही काढला, तर ती अर्धवट टाकून पुणं. हे मला पूर्ण ठाऊक होतं.

श्रावणातला तिसरा सोमवार. भाऊ आदल्या दिवशी उतरले होते. आषाढभर छान काढला होता, एकदाही भिजले नव्हते, खोकलाही नव्हता. सकाळी ते बाजाराला गेले. माझी पूजा आटोपली, महादेवाला बेल वाहिला. देवघराची खिडकी छपरीकडे उघडते. त्या खिडकीतून वास येत होता. खवट तेल, धूर, ओल. छपरीत भाऊंचं पाल टांगलेलं होतं, पिवळं-काळं, हात लावला तर चिकट. माझ्या मनात आलं, आज सोमवार, आणि दारात आलेल्या माणसाचं वस्त्र असं? बाईमाणूस घरात नाही म्हणून त्यांनी असंच राहायचं का?

मी पाणी तापवलं. सोडा टाकला, साबण किसून टाकला. दगडावर घेऊन मोगरीनं बडवलं. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं पिवळं, तिसरं गढूळ. चार घंगाळं पाणी लागलं. दुपारपर्यंत ते कापड देवाच्या वस्त्रासारखं निघालं. मग झुलाही धुतला, आणि दोरीच्या त्या मळक्या चिंध्या कात्रीनं कापून टाकल्या. त्या कशासाठी होत्या हे मला माहीत होतं. पण आंघोळ झालेल्या बाळाला मळकी दोरी कोणी बांधत नाही, तसं काहीसं वाटलं. म्हटलं, नवीन लावतील. वहीत त्या दिवशी लिहिलं आहे, "रामधनभाऊंचं पाल व झुला धुतला. फार समाधान वाटले."

ते आले तेव्हा चार वाजत होते. पिशवी खाली ठेवली आणि पालासमोर उभे राहिले. अंगठ्यानं कापड चोळून पाहिलं. दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा चोळलं.

"लय पांढरं झालं जी," ते म्हणाले.

"कित्येक वर्षांचा मळ होता भाऊ!"

"हाव जी. होता."

"रामधन्या," हे म्हणाले, "आता टेकडीवर नवरदेव दिसशील. ढोरं वरातीले येतीन."

भाऊ हसले. चहा प्यायले. थोड्या वेळानं म्हणाले, "वहिनी, जवसाचं तेल असन का घरी?"

तेल दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळभर ते छपरीत बसून पालाला तेल चोळत होते. मेण घरी नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा कशाला खराब करता? तर म्हणाले, "कापड नरम राह्यते थोडं." मधेच आभाळाकडे पाहत. ऊन काही पडलं नाही. एक दिवस आणखी थांबले. इतक्या वर्षांत कधी थांबले नव्हते. मी आपली खूश, भाऊ आराम करताहेत म्हणून. तिसऱ्या दिवशी तांड्यावरचा कोणी सांगत आला की टेकडीत पलीकडच्या गावची गुरं शिरली, तसं त्यांनी ते ओलसर, तेलकट पाल गुंडाळलं, दोरीला माझ्या जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या मागून बांधल्या आणि निघाले. मी भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

पुढचे आठ-दहा दिवस पाऊस भुरभुर होता. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जो लागला तो सुटेचना. आमच्या घराच्या कौलांनाही त्यानं तीन ठिकाणी पाझरायला लावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पायलचा फोन आला.

"काकू, बाचा फोन नाही. काल नाही, परवा नाही."

"नाल्याले पूर असन बाई. तो पळस नाल्याच्या आपल्या बाजूले आहे न."

"थे मालूम आहे मले. पन तो भिजला तं नसन?"

"नाही गं. तुझे बा स्वतःले भिजू देतीन का? कॅन आहे, पाल आहे."

मी असं म्हणाले. आणि 'पाल आहे' म्हणताना मला पहिल्यांदा काहीतरी आठवलं. भाऊंचा तो अंगठा, कापडावर फिरणारा. मी देव्हाऱ्यात दिवा लावला आणि ह्यांना म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जा."

हे आणि तांड्यावरचे दोघं नाल्याकाठी चार तास बसून राहिले, तेव्हा पाणी कमरेपर्यंत उतरलं. अंधार पडल्यावर ते भाऊंना घेऊन आले. भाऊ चालत आले, पण हे एका बाजूनं धरून. डोळे लाल, अंग भाजत होतं. मी सुकं धोतर आणि शाल दिली. ह्यांनी मला नंतर सांगितलं ते असं. पहिल्या रात्री पाल गळायला लागलं. धार नाही, सगळ्या कापडातून दंव उतरावं तसं. भाऊ झुल्यातून उतरून मोहाच्या बुंध्याला टेकून बसले, कोरड्या जोडावर घोंगडी. सकाळपर्यंत जोडही ओला, घोंगडीही ओली. मग कॅनमध्ये ठेवायला काही उरलं नाही. फोन आणि फोटो तेवढा होता. परत यायला नाला देत नव्हता. दोन दिवस तसेच. तरी दोन्ही सकाळी रोपवनाला एक फेरा मारला.

"काहून मारला बे?" ह्यांनी विचारलं होतं.

"बसून काय करू? बसलो का थंडी वाजे."

दारव्ह्याला चार दिवस सलाईन लागलं. पायल गाडी करून आली. दवाखान्यातून ती बापाला आमच्याकडेच घेऊन आली, एक रात्र राहून पुण्याला निघायचं होतं. संध्याकाळी मी चहा दिला. ती जमिनीवर बसली होती, भाऊ खाटेवर.

"बा, पाल गळलंच कसं? वैशाखात मेण केलंतं न?"

"जुनं झालं होतं. मीच पाह्यलं नाही नीट."

"तू नाही पाह्यलं? तू?"

"वय झालं आता. ध्यान राह्यत नाही."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ज्या माणसानं बोटांच्या मधलंसुद्धा पुसायला लावलं, तो माझ्यासमोर म्हणत होता की ध्यान राहत नाही. आणि मी चहाची भांडी घेऊन आत गेले.

सकाळी पोथी उघडली, पण वाचवेना. वही काढली, मागची पानं चाळली, ती ओळ सापडली. फार समाधान वाटले. ती वही घेऊन मी अंगणात आले. पायल दात घासत होती.

"पायल, पाल मी धुतलं. सोडा-साबण लावून. मेण निघून गेलं त्यानं. तुझे बा कुठं चुकले नाहीत, त्यांचं ध्यान पक्कं आहे. हे पाहा, तारीख आहे. मी तिथं जाऊन नवीन ताडपत्री बांधून देते, पण त्यांची टेकडी सोडवू नको. महिना-दीड महिना राहिला आहे फक्त."

तिनं वही वाचली. तोंड धुतलं, पुसलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काकू, साबनानं गळलं का जुनं म्हून गळलं, ते मी कायले धरून बसू? तुम्ही चांगल्यासाठीच केलं. पन माहा बा दोन दिवस ओल्यात पडून होता. तीन किलोमीटरवर तुम्ही सगळे होते, तांडा होता, अन् कोनालेच मालूम नव्हतं. मले पुण्यात बसून वाटलं, तुम्हाले इथी नाही वाटलं. हे कोनत्या साबनानं झालं?"

आम्ही सगळे त्या कॅनवर आणि पालावर विसंबून होतो.

गाडी यायला तास होता. भाऊ छपरीत सामान आवरत होते. मी दारात उभी राहिले.

"भाऊ, तुम्हाले तेव्हाच समजलं होतं न? पांढरं झालं म्हणाले तेव्हाच?"

"हाव जी."

"मग बोलले काहून नाही? ताडपत्री घेतली असती बाजारातून."

ते झुला गुंडाळत होते. घट्ट, एका टोकाकडून. "धनी गेल्यापासून माह्या कपड्याले कोनं हात नव्हता लावला जी. मी वापस आलो, पाह्यलं तं तुम्ही एवढं बडवून बडवून धुतलं. तुमचे हात लाल झालते सोड्यानं. आता त्याले वाईट कसं म्हनू?" मग म्हणाले, "वाटलं ऊन पडन. नाही पडलं."

झुला, पाल, दोऱ्या आणि ती कॅन त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"हे न्या न सोबत," मी म्हटलं.

"तथी कुठी बांधू? पायलच्या घरी दोन झाडं नाही."

कॅनमधून त्यांनी फोटो तेवढा काढून खिशात ठेवला. हे गाडीपर्यंत गेले. गाडी सुरू झाल्यावर भाऊंनी काच खाली केली. "किसन्या, सकायी सकायी ढोरं सोडतात थे पलीकडच्या गावचे. सूर्य निंगायच्या आंधी जात जा."

"जातो रे."

"पाय धूत जा."

"जातो म्हटलं न. निंग आता."

नवीन राखणदार आला, तो दिवसा येतो आणि सांजच्या आत घरी जातो. म्हणून हे एक दिवसाआड पहाटे काठी घेऊन टेकडीवर जातात. गुडघे दुखतात, पण जातात. दर रविवारी चार वाजता भाऊंचा फोन येतो. वेळ तीच ठेवली आहे. आधी ह्यांना विचारतात, "आवळा कुठवर आला?" हे म्हणतात, "माह्या छातीवर." "मागच्या रविवारीही छातीवरच होता." "मंग का रोज वाढन? माहीच छाती खाली चालली, थे पाह्य." मग पलीकडून हसणं, आणि हसण्यामागून खोकला. मग फोन माझ्याकडे येतो. मी विचारते, जेवले का. ते म्हणतात, हाव जी. खिडकीतून पाऊस दिसते, पन आवाज येत नाही, असं एकदा म्हणाले. काच जाड आहे म्हणे.

नवरात्र बसायच्या आधी चांगली उघडीप मिळाली. मी एका रविवारी फोनवर म्हटलं, "भाऊ, पालाले मेण कसं लावता ते सांगा मला."

"कायले जी? कोन वापरते आता?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. मेण किती, तेल किती, चुलीवर नाही तर उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवून वितळवायचं, चिंधीनं आडवं मग उभं चोळायचं, शिवणीवर दोनदा. बोरी अरबच्या बाजारातून हे मेण घेऊन आले. तीन दिवस मी अंगणात पाल पसरलं, तीन दिवस राखलं. कोंबड्या हाकलल्या. कापड पुन्हा पिवळं झालं, चिकट झालं, तोच वास आला. देवघराची खिडकी मी उघडीच ठेवली.

चौथ्या दिवशी रविवार होता. चार वाजता फोन आला तेव्हा मी पाल चार खुंट्यांना ताणून ठेवलं होतं. ह्यांना म्हटलं, आज आधी मला द्या.

"भाऊ, आता तांब्याभर पाणी ओतते आहे मधोमध."

"हळू ओता. एकदम नाही."

मी ओतलं. पाण्याचा मोठा गोळा झाला, थोडा हलला, आणि मग लहान लहान मणी होऊन कडेनं घरंगळून खाली मातीत पडला.

"गेलं पाणी. घरंगळलं."

"खालून हात लावून पाह्यला का?"

मी वाकले, फोन खांद्याशी धरून पालाखाली हात घातला. शिवणीवर फिरवला, मधे फिरवला.

"कोरडं आहे भाऊ."

मी हात बाहेर काढून उजेडात धरला.

"हातही कोरडा आहे, भाऊ."

"आयकून राह्यलो जी," ते म्हणाले. "आता घडी नका करू. घडीवर मेन तडकते. गुंडाया करा. अन् कॅनमध्ये नका ठेवू, हवा लागू द्या."

"बरं."

मी पाल गुंडाळलं आणि छपरीत वलणीवर ठेवलं. वहीत त्या दिवशी तिथी लिहिली, अध्याय लिहिला, आणि खाली लिहिलं, रामधनभाऊंचं पाल कोरडं आहे.